संगणकाने रचलेली बुद्धिबळाची कोडी: काही महिन्यांच्या सरावानंतर

पावसाळ्यापासून रात्री जेवण झालं की पट मांडतो आणि 'चेस्थेटिका'चं एखादं कोडं घेऊन बसतो. मलेशियातले संशोधक अझलन इक्बाल यांचा हा प्रोग्रॅम कोडी स्वतःच रचतो. मी सोडवतो ती बहुतेक 'पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात' या जातीची.

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरची कोडी खऱ्या डावांतून वेचलेली असतात. तिथे घोड्याचा फोर्क (एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर हल्ला) किंवा मागच्या रांगेतली मात सवयीनेच दिसते. इथे ती सवय कामाला येत नाही. वजीर, हत्ती हाताशी असूनही शह देत गेलं की काळा राजा निसटतो. मग कधीतरी लक्षात येतं की आपल्या राजाला एक घर सरकवायचंय, बस्स. शह नाही, मारामारी नाही. काळ्याने काहीही खेळलं तरी तो स्वतःचंच घर बंद करतो. अशी शांत चाल सापडते तेव्हा फार आनंद होतो.

यामागची पद्धत इक्बाल आणि सहकाऱ्यांनी २०१६च्या पुस्तकात मांडली आहे. बुद्धिबळातली कोडी आणि चित्रं-संगीत अशा अगदी वेगळ्या क्षेत्रांतले गुणधर्म मिसळून नवी रचना घडवायची, ही त्यातली कल्पना मला विलक्षण वाटते.

एक उणीव मात्र जाणवत राहते. जुने रचनाकार पहिल्याच चालीत शह देणं कमीपणाचं मानत, पटावर बिनकामाचं प्यादंही ठेवत नसत. ते संकेत थोडे सैल झाले तर माझी तक्रार नाही. पण माणसाच्या चांगल्या रचनेत काळ्याच्या प्रत्येक उत्तरातून एकच कल्पना उलगडत जाते. यंत्राच्या कोड्यात उत्तर अचूक असतं, पण काळ्याच्या वेगवेगळ्या उत्तरांतून फुटणारे फाटे बरेचदा एकमेकांशी बोलत नाहीत.

२०२५ मध्ये गूगल डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनीही कोडी रचणारं मॉडेल मांडलं. उत्तर एकच असावं, आणि संगणकाने वरवर शोधलं तर न दिसणारी चाल खोलवर शोधल्यावर दिसावी, अशा कोड्यांसाठी मॉडेलला शिकवताना बक्षीस म्हणून गुण मिळतात. जोनाथन लेव्हिट, मॅथ्यू सॅडलर आणि अमात्झिया अवनी या जाणकारांनी त्यातली कोडी पारखली. ती मला खऱ्या डावाच्या जास्त जवळची वाटली, बलिदानंही धाडसी.

रेटिंग वाढवायचं असेल तर लिचेसच बरं. पण पटाकडे निवांत बघत बसायला आवडत असेल, तर चेस्थेटिका जरूर घ्या. चाली शोधून देणारा संगणकाचा प्रोग्रॅम, म्हणजे इंजिन, बंद ठेवा, आणि काळ्याची सगळी उत्तरं कागदावर लिहून झाल्याशिवाय उत्तर उघडू नका.