बॉक्सरेक: समोरच्याचं पान आधी उघडा

माळेगावच्या यात्रेत आखाड्यावर जोड कशी लागते हे ज्यानं पाहिलंय, त्याला व्यावसायिक बॉक्सिंग समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. नव्या पठ्ठ्याचा वस्ताद जोड बघून घेतो. वजनाला बरोबरीचा, पण डावाला कच्चा असा. पठ्ठा चार जत्रा गाजवतो, इनामं घेतो, नाव होतं आणि मग एखाद्या वर्षी खरा भिडू समोर उभा राहतो. बॉक्सिंगमध्ये वस्तादाच्या जागी प्रवर्तक आणि मॅचमेकर असतात, एवढाच फरक. ‘१५ लढती, १५ विजय’ हे पोस्टरवर छापण्यासाठीच जमवलेलं असतं. त्या पंधरा जणांत कोण कोण होते, हे तपासायची जागा म्हणजे बॉक्सरेक ही वेबसाइट. उगवत्या बॉक्सरच्या पुढच्या लढतीचा अंदाज बांधायचा असेल तर ती कितपत कामाची आहे, कुठं चकवते, हे इथं बघू.

जॉन शेपर्ड यांनी २००० साली ब्रिटनमध्ये ही साइट सुरू केली. जगभरातले संपादक आपापल्या देशातल्या लढतींची नोंद तिच्यात भरतात. खातं फुकट उघडता येतं. न उघडता गेलात तर बराचसा भाग दिसत नाही. मजकूर सगळा इंग्रजीत, पण तो बहुतेक आकडे आणि आद्याक्षरं एवढाच असल्यानं अडत नाही. तक्ते रुंद आहेत, म्हणून मोबाइल आडवा धरावा.

बॉक्सरच्या पानावर वर त्याची ओळख असते: वजनगट, उंची, हाताचा पल्ला, उजवा की डावखुरा, पदार्पणाची तारीख, एकूण लढती, एकूण फेऱ्या. खाली एकेका लढतीची ओळ. तारीख, प्रतिस्पर्धी, त्या दिवशी प्रतिस्पर्ध्याची असलेली कामगिरी, ठिकाण, निकाल. प्रतिस्पर्ध्याच्या आधीच्या सहा लढती रंगीत चौकोनांत दिसतात. हिरवा म्हणजे जिंकला, लाल म्हणजे हरला, निळा म्हणजे बरोबरी. निकालाशेजारी ‘३/८’ असं दिसलं तर आठ फेऱ्यांची लढत तिसऱ्या फेरीत संपली असं वाचायचं. यूडी म्हणजे तिन्ही पंचांचा एकमतानं निर्णय, एसडी म्हणजे दोन विरुद्ध एक, टीकेओ म्हणजे रेफरीनं थांबवली, आरटीडी म्हणजे बॉक्सर कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठलाच नाही. पीटीएस, म्हणजे गुणांवरचा निकाल, हे बहुधा ब्रिटनच्या छोट्या लढतींना लागलेलं दिसेल. तिथं अशा लढतींचे गुण एकटा रेफरी देतो, पंच बसवत नाहीत.

आता मुख्य काम. नव्या पोराचं पान उघडून विजय मोजत बसू नका. आधी एकूण फेऱ्यांना एकूण लढतींनी भागा.

एडगर बर्लांगाचं उदाहरण घ्या. न्यूयॉर्कच्या या पोरानं पहिल्या १६ लढती पहिल्याच फेरीत संपवल्या. भागाकार केला तर उत्तर येतं १. पोस्टरसाठी याहून झकास काय असणार? पण याचाच दुसरा अर्थ असा की, व्यावसायिक म्हणून तो दुसऱ्या फेरीसाठी स्टुलावरून एकदाही उठलेला नव्हता. दमल्यावर त्याचे हात खाली येतात का, पोटात ठोसा बसल्यावर तो मागं सरतो का, कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाचं ऐकतो का, यातलं काहीही कुणाला ठाऊक नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये डेमंड निकल्सननं त्याला पूर्ण आठ फेऱ्या खेळवलं. बर्लांगानं त्याला चार वेळा पाडलं, जिंकलाही, पण बाद करता आलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मार्सेलो कोसेरेसनं नवव्या फेरीत बर्लांगालाच खाली बसवलं. तीही लढत तो गुणांवर कसाबसा घेऊन गेला. ज्यानं भागाकार केला होता त्याला यात नवल वाटायचं कारण नव्हतं.

या भागाकाराचं उत्तर दोनच्या आत असेल आणि पुढची लढत आठ किंवा दहा फेऱ्यांची असेल, तर ‘लवकर संपवेल’ एवढाच अंदाज करता येतो; न संपल्यास पुढं काय, याचा पुरावा त्या पानावर नसतो. ब्रिटनचा हेवीवेट मोझेस इटाउमा याच सदरात येत होता. १६ ऑगस्ट २०२५ ला रियाधमध्ये त्यानं डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत झोपवलं. वय वीस, व्हाइट सदतीस. ठोसा खरा, वेग खरा, यात वाद नाही. पण त्या दिवसापर्यंत तो सहा फेऱ्यांपलीकडे गेला नव्हता, आणि त्या विजयानं ही माहिती तसूभरही वाढली नाही.

दुसरी पायरी प्रतिस्पर्ध्याच्या पानाची. इथं बहुतेक जण लाल चौकोन बघून निकाल लावून टाकतात, आणि साइट वाचताना सगळ्यात मोठी चूक होते ती हीच. हरला किती वेळा यापेक्षा कसा हरला हे बघायचं. ब्रिटनच्या क्रिस्टियन लेटनं ३०० लढती खेळून २०१८ मध्ये निवृत्ती घेतली. त्यात १२ विजय, २७९ पराभव, ९ बरोबरी. त्याचं पान म्हणजे लाल रंगाचा सडा. पण तो बाद क्वचितच व्हायचा. हातांची ढाल करायची, मिठी मारायची, दोरीला टेकून वेळ काढायचा आणि पुढच्या आठवड्यात परत दुसऱ्या गावी खेळायचं, हा त्याचा धंदाच होता. अशा माणसासमोर नवा पोरगा ‘दुसऱ्या फेरीत बाद करेल’ असं लिहिणारा हमखास तोंडावर पडतो. याउलट, ८ विजय ३ पराभव असा दिसायला बरा आकडा असलेला, पण तिन्ही पराभव पहिल्या दोन फेऱ्यांत झालेला भिडू असेल, तर तो कशासाठी आणलाय ते उघड आहे.

म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या पराभवांचे दोन ढीग करा, गुणांवरचे आणि थांबवलेले. थांबवलेल्यांत शेवटचे कधीचे ते बघा. गेल्या दीड वर्षात दोनदा टीकेओ झालेला माणूस आणि दहा वर्षांपूर्वी दोनदा झालेला माणूस, दोघांचा आकडा सारखाच दिसतो. त्यानंतर ठिकाणाचा रकाना बघा. सगळ्या लढती परगावी, तर तो पाहुणा भिडू. सगळे विजय स्वतःच्या गावात, तर त्या विजयांना थोडी कात्री लावा. मोंढ्यात सोयाबीनचा ढीग वरून सोनेरी दिसतो म्हणून कुणी भाव देत नाही; ओलावा मोजतात.

तिसरं, मोठी रजा. इथं आपल्याच माणसाचं उदाहरण आहे. बीजिंग ऑलिंपिकचा कांस्यविजेता विजेंदर सिंग २०१५ मध्ये व्यावसायिक झाला आणि ओळीनं १२ लढती जिंकला. १९ मार्च २०२१ ला गोव्यात जहाजावर त्याच्यासमोर आर्तिश लोपसान हा रशियन उभा होता, जेमतेम सहा लढतींचा अनुभव असलेला. पोस्टर बघितलं तर एकतर्फी मामला. पण तारखांचा रकाना काय सांगत होता? विजेंदरची आधीची लढत नोव्हेंबर २०१९ ची. मधे १६ महिने रिकामे आणि वय ३५. भर म्हणून समोरचा सहा फूट चार इंच उंच. पाचव्या फेरीत लढत थांबवावी लागली आणि विजेंदर हरला. तिन्ही गोष्टी लढतीआधीच साइटवर होत्या, फक्त तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांत. साइट त्या एकत्र करून देत नाही. ते तुमचं काम.

उंची आणि पल्ला मात्र बघताना हात राखून. ही माहिती कधी प्रवर्तकानं दिलेली असते, कधी हौशी काळातली, आणि एक-दोन इंच इकडंतिकडं सहज होतात. चार इंचांपेक्षा जास्त फरक असेल तरच तो अंदाजात धरावा. १९ एप्रिल २०२५ ला चार्ल्स कॉनवेल २१ लढतींत अपराजित होता आणि जिंकेल असंच सगळे धरून होते. उंच, हात चालता ठेवणाऱ्या होर्हे गार्सियानं त्याला दोन विरुद्ध एक निर्णयानं हरवलं. गार्सियाच्या नावावर आधीचे चार पराभव होते, म्हणून बहुतेकांनी त्याचं पान नीट उघडलंच नसावं.

वजनाच्या बाबतीत साइटवर विसंबू नका. पानावर दिसतो तो वजनगट. माणूस त्या गटात किती ओढाताण करून बसतोय, हे तिथं कळत नाही. लढत शनिवारी असेल तर वजन शुक्रवारी होतं, आणि खरा अंदाज त्यानंतरच पक्का करावा. जून २०२५ मध्ये कीशॉन डेव्हिसचं वजन १३५ पौंडांच्या मर्यादेला १३९.३ भरलं, म्हणजे जवळजवळ दोन किलो जास्त. जागतिक किताब वजनकाट्यावरच गेला आणि लढतही रद्द झाली. हमझा शीराझचं प्रकरण याहून बारीक. सव्वासहा फूट उंचीचा हा पोरगा १६० पौंडांत खेळत होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये कार्लोस आदामेसविरुद्ध तो जिंकेल अशी हवा होती, पण हालचाल मंदावलेली दिसली आणि लढत बरोबरीत सुटली. जुलैमध्ये १६८ पौंडांत गेला आणि वर सांगितलेल्या त्याच बर्लांगाला पाचव्या फेरीत थांबवलं. कामगिरीच्या ओळीत फक्त एक निळा चौकोन दिसतो. आठ पौंडांची गोष्ट तुम्हाला शोधावी लागते.

हौशी कारकीर्द हा दुसरा अंधारा कोपरा. व्यावसायिक नोंदीत ती धरलेली नसते. निशांत देवचं पान २५ जानेवारी २०२५ पासून सुरू होतं, लास वेगासमध्ये पहिल्याच फेरीतल्या विजयानं. पण त्याआधी त्यानं २०२३ च्या जागतिक स्पर्धेत ७१ किलो गटात कांस्य घेतलंय, पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठलीय. त्यामुळे ‘फक्त दोन-चार लढतींचा’ म्हणून त्याला कच्चा धरणं चूक. पण हौशी बॉक्सिंग तीन फेऱ्यांचं असतं, तिथं सुरुवातीपासून सगळा जोर लावून चालतं. आठ फेऱ्यांत चालत नाही. त्याच्या पुढच्या लढतींत विजयापेक्षा पाचव्या-सहाव्या फेरीतलं पायांचं काम बघावं. तो खेळतो त्या व्यावसायिक सुपर वेल्टर गटाची मर्यादा १५४ पौंड, म्हणजे ६९.८५ किलो, हेही लक्षात असू द्या. हौशी गटापेक्षा किलोभर कमीच.

साइटची स्वतःची क्रमवारी आणि लढतींना दिलेले तारे संगणक ठरवतो. तारे उपयोगी आहेत, कार्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या लढतींच्या यादीत, कुठली लढत बरोबरीची हे पटकन दिसतं. क्रमवारीवर मात्र नव्या पोरांच्या बाबतीत फार भरवसा ठेवू नये. ज्याच्यासमोर खरी परीक्षाच आलेली नाही त्याला संगणक तरी गुण कशावरून देणार? व्हिडिओ साइटवर नाहीत. प्रतिस्पर्ध्याची शेवटची हरलेली लढत दुसरीकडं शोधून पूर्ण बघा. झलक बघू नका, झलकेत फक्त बसलेले ठोसे असतात, चुकलेले नसतात.

अंदाज लिहायचा तर कोण, कसा आणि कधी, तिन्ही लिहा. समजा सहा फेऱ्यांची लढत, पाहुण्याचे १४ पराभव, त्यातले २ च थांबवलेले. तर ‘नवा पोरगा गुणांवर, ६०-५४ किंवा ५९-५५’ असं लिहा. ५९-५५ म्हणजे एक फेरी गमावली, ५८-५६ म्हणजे दोन. नवा पोरगा ५८-५६ नं जिंकत असेल तर त्याची पुढची पायरी लांबणार. सट्टेबाजारातले भाव दिसतात, १.०५ भाव म्हणजे ते जिंकण्याची शक्यता ९५ टक्के धरतात. तेवढं वाचून सोडून द्या, पैसे लावायच्या भानगडीत पडू नका, आपल्याकडं ते कायद्यात बसत नाही.

राहिली जागरणाची गोष्ट. उन्हाळ्यात लास वेगासची मुख्य लढत आपल्याकडं रविवारी सकाळी साडेआठच्या सुमारास येते, हिवाळ्यात तासभर उशिरा. लंडनची पहाटे तीनच्या आसपास. पण नवी पोरं कार्डाच्या तळाशी असतात, मुख्य लढतीच्या कितीतरी तास आधी. वेगासचं कार्ड असेल तर पहाटे चार-साडेचारपासून. साइटवर लढतींची यादी मुख्य लढत वर ठेवून लावलेली असते. ती खालून वर मोजा. चार फेऱ्यांच्या लढतीला विश्रांती, प्रवेश, घोषणा धरून २५ मिनिटं, आठ फेऱ्यांच्या लढतीला ४० मिनिटं धरा आणि गजर त्या हिशोबानं लावा. मधली एखादी लढत पहिल्या फेरीत संपली तर पुढचा पोरगा अर्धा तास आधीच रिंगणात उतरतो, तेव्हा पंधरा-वीस मिनिटं हाताशी ठेवलेली बरी.