चाकावरच्या संसाराला हेल्थ पॉलिसी : दोन वर्षं वापरून झाली, तिसरं चालू आहे

"काका, एक माणूस आला होता फाईल घेऊन, तुम्ही इथेच राहता का विचारून राहिला होता. मी म्हटलं नाही, ते तर गाडीत राहतात."

नागपूरच्या मनीषनगरमधल्या आमच्या फ्लॅटच्या भाडेकरू पोराचा हा फोन, मार्च २०२५ मधला. आम्ही तेव्हा उडुपीच्या पुढे समुद्राकाठी गाडी लावून पोहे करत होतो (तर्रीशिवाय, तिकडे कुठे मिळणार तर्री) आणि बायकोचा डावा हात गळ्यात अडकवलेला. पोरगा बिचारा खरं तेच बोलला, अन् तिथेच आमचा क्लेम अडकला. तर हा रिव्ह्यू त्या पॉलिसीचा आणि ती काढून देणाऱ्या गोकुळपेठेतल्या विमा ॲडव्हायझरचा आहे. नावं टाकत नाही, कारण भांडण मिटलंय अन् पॉलिसी अजून चालू आहे.

थोडं आधीचं सांगतो. मी ६१ वर्षांचा, बायको ५८ वर्षांची. रिटायर झालो तसं एक जुनी ट्रॅव्हलर (मिनीबससारखी गाडी) घेतली, आतून पलंग, छोटं किचन, पाण्याची टाकी वगैरे करून घेतलं, आरसी वर रीतसर मोटर कॅराव्हॅन लिहून घेतलं (हे करूनच घ्या, नुसती सुताराकडून आतली कामं करून फिराल तर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या गाडीत मनाने फेरफार चालत नाहीत, अन् उद्या गाडीचाच क्लेम अडकेल). फ्लॅट भाड्याने दिला अन् डिसेंबर २०२३ ला झिरो माईलसमोर फोटो काढून निघालो. वर्षातले दहा-अकरा महिने बाहेरच असतो. नागपूरला येतो ते दिवाळीत, अन् उन्हाळ्यात तर अजिबातच नाही, ४५ डिग्रीत पत्र्याच्या डब्यात कोण झोपणार.

निघायच्या आधी पॉलिसी बदलायची होती. आमची २०१४ पासूनची जुनी होती पण सम इन्शुअर्ड (वर्षाला मिळू शकणारी कमाल रक्कम) फक्त ३ लाख. ॲडव्हायझरने ती दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करून १० लाखाची फ्लोटर (दोघांत मिळून एकच रक्कम) करून दिली. या कामात माणसाला शंभरपैकी शंभर. रिन्यूअलच्या ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज जायला पाहिजे हे त्याने स्वतःहून फोन करून सांगितलं. बायकोचं बीपी, माझं जुनं हर्नियाचं ऑपरेशन, सगळं फॉर्मवर लिहायला लावलं. मी म्हटलं बीपी लिहून कशाला प्रीमियम वाढवता, तर म्हणे "काका, आत्ता लिहाल तर थोडे पैसे जातील, नाही लिहाल तर हॉस्पिटलमध्ये जातील." पोर्ट केल्यामुळे जुन्या वर्षांचं वेटिंग पीरियडचं (आधीच्या आजारावर क्लेम मिळायला जितकी वर्षं थांबावं लागतं, त्याचं) क्रेडिट जुन्या ३ लाखापुरतं तसंच राहिलं, वरच्या ७ लाखाला मात्र नव्याने मोजतात, ही गोष्ट मला दुसऱ्या कुणीच समजावून सांगितली नव्हती. आता नियमाने आधीच्या आजाराचं वेटिंग जास्तीत जास्त ३ वर्षं असू शकतं, पूर्वी ४ होतं. अन् सलग ५ वर्षं पॉलिसी चालली की "तुम्ही जुनं लपवलं" म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच.

आता चूक. फॉर्मवर पत्ता लिहिला मनीषनगरचा. आधारवर तोच, मतदार यादीत तोच, गाडीच्या आरसीवर तोच, म्हणून कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. फॉर्म काय काय विचारतो पाहा न, तंबाखू खाता का, दारू किती, पिनकोड काय, पण झोपता कुठे हे कुठेच विचारत नाही. मी ॲडव्हायझरला सांगितलं होतं की आम्ही आता गाडीतच राहणार, त्याने मान हलवली, चहा मागवला अन् पुढच्या पानावर सही घेतली. झालं.

अपघात एवढाच की फेब्रुवारीत चिकमगळूरच्या बाजूला कॉफीच्या मळ्यात गाडी उभी होती, सकाळी दव पडलेलं, बायको फोल्डिंगच्या पायरीवरून उतरताना घसरली अन् हात टेकवला. मनगटाचं हाड गेलं. प्लेट टाकावी लागली. जवळचं नर्सिंग होम छान होतं, डॉक्टर तर देवमाणूस, पण आमच्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये (करार केलेल्या हॉस्पिटलांत) नव्हतं. मी ऐकून होतो की जानेवारी २०२४ पासून "कॅशलेस एव्हरीव्हेअर" आलंय, नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मिळतं, म्हणजे बिल कंपनी परस्पर भरते, इमर्जन्सी असेल तर ॲडमिट झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला कळवायचं. कळवलं, दुसऱ्या तासाला कळवलं. पण हॉस्पिटलनेही हो म्हटलं पाहिजे न, अन् तिथल्या अकाउंटवाल्या पोरीने सरळ सांगितलं की आम्ही त्या कागदांच्या भानगडीत पडत नाही, तुम्ही पैसे भरा अन् नंतर मागा. म्हणजे एव्हरीव्हेअर म्हणजे जिथे समोरचा तयार असेल तिथे. १,३८,४०० रुपये भरले, डेबिट कार्डाने, लिमिट संपलं म्हणून दोन दिवसांत तीनदा.

मग रीइम्बर्समेंटचे कागद. ओरिजिनल डिस्चार्ज समरी, बिलं, एक्सरे, औषधांच्या चिठ्ठ्या. प्लेटचं इनव्हॉइस अन् इम्प्लांटचा स्टिकर लागतो हे मला माहीत होतं कारण साडूच्या गुडघ्याच्या वेळी त्यावरूनच महिना गेला होता, म्हणून मी ऑपरेशनच्या आधीच नर्सला सांगून ठेवलं होतं. स्टिकर केस पेपरला लावलेला बरोबर मिळाला. पण त्याच केस पेपरवर ड्युटी डॉक्टरने लिहिलं होतं "गाडीवरून पडल्याने इजा". उभी गाडी! इंजिन थंड! पण टीपीएने (विमा कंपनीसाठी क्लेमचे कागद तपासणाऱ्या संस्थेने) वाचलं गाडी, म्हणजे रोड ॲक्सिडेंट, म्हणजे एफआयआर किंवा एमएलसीची (हॉस्पिटलने पोलीस केस म्हणून केलेल्या नोंदीची) कॉपी पाठवा. आता पायरीवरून घसरलेल्या बाईची एफआयआर कोण कुणाविरुद्ध करणार, माझ्याविरुद्ध? मी पुसायचं विसरलो होतो ती पायरी, बायकोचं तर तेच म्हणणं होतं.

त्यात ती इन्व्हेस्टिगेटरची भेट अन् भाडेकरूचं उत्तर. लगेच क्वेरी लेटर : पॉलिसीत दिलेल्या पत्त्यावर विमाधारक राहत नाही, खुलासा करा. ते पत्र गेलं कुठे? मनीषनगरला. भाडेकरू ऑफिसला, दाराला कुलूप, पोस्टमन परत. मेलवर फक्त "क्वेरी पेंडिंग" एवढंच दिसून राहिलं होतं, कसली क्वेरी ते नाही. कस्टमर केअरवर मी ज्या सुरात बोललो तो इथे लिहिण्यासारखा नाही, बायकोने फोन काढून घेतला.

अन् ॲडव्हायझर? पहिले आठ दिवस "पाहतो काका". नवव्या दिवशी फोनच उचलेना. पोर्टिंगच्या वेळी जो माणूस रविवारी पण फोन करत होता तो क्लेमच्या वेळी गायब, म्हणून त्याचे स्टार मी तिथेच कापले. खरं सांगायचं तर नंतर तो परत आला, त्याच्या आईचं काहीतरी दवाखान्याचं निघालं होतं म्हणे, त्यामुळे एक स्टार परत दिला.

शेवटी सुटलं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलं की उभ्या कॅराव्हॅनच्या पायरीवरून घसरून इजा, रस्त्यावरचा अपघात नाही. दुसरं म्हणजे आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली (फोनवर करायची असेल तर १५५२५५). त्याआधी कंपनीच्या ग्रिव्हन्स विभागाला लेखी मेल केलेला होता, तो जोडला. खुलाशात मी साधं लिहिलं की घर आमच्याच नावाचं, टॅक्स आम्ही भरतो, मतदार यादीत तिथेच नाव, आम्ही फिरतो म्हणजे घर सोडलं असं नाही, अन् तुमच्या पॉलिसीत कुठेही लिहिलेलं नाही की विमाधारकाने वर्षातले अमुक दिवस घरीच झोपायचं. सोबत आरसी, फास्टॅगचं वर्षाचं स्टेटमेंट. मे महिन्यात १,२७,१५० रुपये जमा झाले. ११,२५० कापले, ग्लोव्हज, कॉटन, रजिस्ट्रेशन फी असं बारीकसारीक, त्यावर वाद घातला नाही.

फास्टॅगवरून आठवलं. गाडीच्या बाबतीत पत्त्याचा दुसराच घोळ आहे. नोंदणी देशभर चालते पण दुसऱ्या राज्यात गाडी सलग १२ महिन्यांच्या वर ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, कलम ४७. आम्ही कुठेच तीन महिन्यांच्या वर थांबत नाही, पण एमएच ३१ पाहून कर्नाटकात दोनदा आणि केरळात एकदा अडवलंच. टोलची नोंद दाखवली की सोडतात. बीएच सिरीज (राज्य बदललं तरी चालणारा भारत नंबर) घ्या असं लोक सुचवतात, पण ती सरकारी नोकरांना किंवा ज्यांच्या कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं आहेत त्यांना, आमच्यासारख्या पेन्शनरला नाही. आणि गाडीच्या विम्यासोबत जो १५ लाखांचा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर असतो तो फक्त मालक-ड्रायव्हरचा, तोही मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला. बायकोच्या मनगटाला त्यातून एक रुपया नाही.

माझा आतेभाऊ अमेरिकेत असाच आरव्हीत (घर केलेल्या गाडीत) राहतो, त्याला हे सगळं सांगितलं तर तो हसतच सुटला. तिकडे घर विकून निघालेली मंडळी साऊथ डाकोटात जातात, एक रात्र राहिल्याची पावती दाखवतात, टपाल पुढे पाठवणाऱ्या कंपनीचा पत्ता घेतात अन् लायसन्स काढून तिथले रहिवासी होतात. टेक्सास अन् फ्लोरिडाही त्यासाठीच फेमस, तिन्हीकडे राज्याचा इन्कम टॅक्स नाही. पण हेल्थ इन्शुरन्स पत्त्याला बांधलेला, नेटवर्क त्याच राज्यापुरतं, बाहेर फक्त इमर्जन्सी, साधं डॉक्टरला दाखवायचं तर शेकडो मैल गाडी हाकत परत. ६५ पूर्ण होऊन ओरिजिनल मेडिकेअर (तिथला सरकारी आरोग्य विमा) मिळेपर्यंत त्याने असेच दिवस काढले, ते देशभर चालतं. म्हणजे त्याच्याकडे पत्ता एका रात्रीत मिळतो पण विमा हलत नाही, आपल्याकडे नागपूरची पॉलिसी कन्याकुमारीला चालते पण पत्त्यावर माणूस दिसला पाहिजे.

अर्थात चालते तीही पूर्ण नाही. प्रीमियम पिनकोडच्या झोनवर असतो. आमच्या पॉलिसीत दिल्ली-मुंबई वरच्या झोनमध्ये, नागपूर खालच्या. नागपूरचा प्रीमियम भरून मुंबईत ॲडमिट झालात तर २० टक्के आपल्या खिशातून. हे वाक्य पॉलिसीच्या कागदात बारीक अक्षरात आहे अन् ॲडव्हायझरने सांगितलं नव्हतं, मला तिसऱ्यांदा वाचताना सापडलं. आता तर समृद्धीने ७०१ किलोमीटर, मुंबईला जाणं होतंच. यंदा जास्तीचे पैसे भरून वरचा झोन घेतला. फिरणाऱ्याने घ्यावाच, असं माझं मत.

पैशाचं सांगतो. पहिल्या वर्षी ४८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५६,६४०. दुसऱ्या वर्षी ६०,८८८. तिसऱ्या वर्षी मूळ प्रीमियम वाढून ५५,७०० झाला, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीच नाही, त्यामुळे उलट कमी भरले (झोनचे पैसे वेगळे). साठीच्या वरच्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आता आधी आयआरडीएआयशी बोलावं लागतं, तेवढी निश्चिंती. माझ्या आईला ७० च्या वरचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय, ५ लाखांचं, उत्पन्नाची अट नाही, फक्त आधार. तिच्या बाबतीत ॲडव्हायझरची गरजच पडली नाही.

पत्त्याचं आता असं केलंय की आधार, आरसी, मतदार यादी सगळं मनीषनगरलाच ठेवलं, पण पॉलिसीत एन्डॉर्समेंट (चालू पॉलिसीत लेखी बदल) करून पत्रव्यवहाराचा पत्ता नागपुरातल्याच महाल भागातल्या मोठ्या भावाचा दिला. वहिनी दिवसभर घरीच असतात, स्पीड पोस्ट आलं की सही करून घेतात, फोडून फोटो पाठवतात. कंपनीला मेलवर लिहून कळवलं की आम्ही वर्षाचा बराच काळ प्रवासात असतो, त्याची पोच सेव्ह करून ठेवलीय. भाडेकरूला सांगितलं कुणी विचारलं तर म्हण, घर त्यांचंच आहे, ते प्रवासाला गेलेत, हा नंबर घ्या. खोटं काहीच नाही त्यात.

रेटिंग : पॉलिसीला साडेतीन, ॲडव्हायझरला तीन, कस्टमर केअरला एक पण जास्त वाटतो. पुढचं रिन्यूअल नोव्हेंबरमध्ये आहे, तेव्हा नागपुरातच असू. पायरीला खरखरीत रबर लावून घेतलंय, सीताबर्डीवरून, ४२० रुपये, ते मात्र पाच स्टार.