पाच राउटरसाठी रिपएनजी: वापरून बघितल्यावरचं मत
आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) वर गेल्यावर पाच राउटरचे स्टॅटिक रूट (कुठल्या नेटवर्ककडे कुठून जायचं ते ठरलेले रस्ते) हाताने टाकून टाकून वैताग आला होता म्हणून एफआरआर (राउटिंगचं सॉफ्टवेअर) टाकलं आणि त्यातलं रिपएनजी, म्हणजे राउटर एकमेकांना रस्ते सांगतात त्या जुन्या रिप प्रोटोकॉलचा आयपीव्ही६ अवतार, चालू केलं. एफआरआरच्या डेमन्स फाइलमध्ये रिपएनजीडीसमोर (रिपएनजी चालवणारा प्रोग्राम) नो चं यस, मग कोणत्या इंटरफेसवर बोलायचं तेवढं सांगायचं, झालं. मोठ्या राउटिंग प्रोटोकॉलसारखे नेटवर्कचे एरिया पाडायचे नाहीत, राउटर आयडी द्यायचा नाही. प्रोटोकॉल १९९७ चा आहे पण छोट्या नेटवर्कला अजून मस्त चालतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, जुन्या रिपचा यूडीपी पोर्ट ५२० आणि याचा ५२१, मी फायरवॉलमध्ये सवयीने ५२० उघडला आणि शेजारचे रूट का येत नाहीत म्हणून अर्धा तास शोधत बसलो.

मला सगळ्यात आवडलं ते हे की नेक्स्ट हॉप (पुढच्या राउटरचे पत्ते) सगळे एफई८० वाले लिंक लोकल, म्हणजे त्या जोडणीपुरतेच चालणारे पत्ते असतात, त्यामुळे बाहेरून मिळालेला प्रीफिक्स (आपल्या पत्त्यांचा सुरुवातीचा भाग) बदलला तरी राउटरचं आपापसातलं बोलणं तुटत नाही, नवा प्रीफिक्स आपोआप पसरतो.

आता खरी अडचण. दोन राउटरमधली थेट केबल काढली तर लगेच कळतं, आणि शेजाऱ्याचं पुढचं अपडेट आलं की पर्यायी रस्ता धरला जातो. पण मध्ये स्विच असेल आणि पलीकडचा राउटर बंद पडला तर आपल्या बाजूचा लाइट हिरवाच राहतो आणि रूट तसाच लटकतो, कारण अपडेट दर ३० सेकंदांनी येतं आणि ते आलं नाही तरी रूट १८० सेकंद जिवंत धरतात. पिंग लावून बघितलं, तीन मिनिटं नुसतं टाइमआउट. टायमर कमी करता येतात, पण मग सगळ्या राउटरवर सारखेच ठेवा.

दुसरं म्हणजे याला फक्त हॉप (वाटेत किती राउटर ते) मोजता येतात, १५ पर्यंत, १६ म्हणजे पोचतच नाही. त्यामुळे दोन हॉपच्या गिगाबिट तारेपेक्षा एका हॉपचं रडकं वायफाय याला जवळचं वाटतं, तिथे ऑफसेट (जास्तीचे हॉप) लावून मेट्रिक, म्हणजे अंतराचा आकडा, वाढवावा लागतो. वायरलेस जास्त असेल तर सरळ बेबल नावाचा दुसरा प्रोटोकॉल घ्या, तेही डिस्टन्स व्हेक्टरच (शेजाऱ्याने सांगितलेल्या अंतरावरून रस्ता ठरवणारं) आहे पण लिंक किती चांगली ते बघून रस्ता निवडतं.

आणि यात स्वतःचा पासवर्ड वगैरे काही नाही, सुरक्षेचं सगळं आयपीसेकवर (आयपी पाकिटं सुरक्षित करणारी वेगळी व्यवस्था) सोडलंय. म्हणून मी फक्त राउटर-राउटरमधल्या इंटरफेसवर चालू ठेवलंय आणि लोकांचे लॅपटॉप जोडलेले लॅन रिडिस्ट्रिब्यूट कनेक्टेडने (थेट जोडलेली नेटवर्क बाकी राउटरना कळवणारी आज्ञा) आत घेतलेत.