बारा तासांची संघराज्य बॅच: शिकवणं चोख, नोट्स जुन्या

नौपाड्यात, ठाणे स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर, एका क्लासने राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी ‘संघराज्य आणि वैविध्य’ ही वेगळी बॅच सुरू केली आहे. चार रविवार, रोज तीन तास, नोट्ससह 2,400 रुपये.

पहिला रविवार राज्य पुनर्रचनेचा. फाजल अली आयोग, 1956 चा कायदा, 1 मे 1960 हे कुठेही शिकवतात. इथे नवं राज्य बनवण्याचा अधिकार संसदेला देणारा अनुच्छेद 3 नीट सोलून दाखवतात. राष्ट्रपती विधेयक राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवतात, पण ते मत बंधनकारक नसतं. आंध्रच्या विधानसभेने नाकारूनही 2 जून 2014 ला तेलंगण झालंच.

पैसे वसूल होतात ते दुसऱ्या रविवारी. राज्यघटनेतल्या आदिवासी भागांच्या कारभाराच्या पाचवी आणि सहावी अनुसूची यांची गल्लत हा उत्तरपत्रिकांतला नेहमीचा घोटाळा, आणि ‘ईशान्य भारत म्हणजे सहावी अनुसूची’ हे त्याचं मूळ. सहावी फक्त आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोरामला लागू आहे. नागालँडला अनुच्छेद 371अ ची खास तरतूद आहे, तर मणिपूरच्या डोंगरी जिल्हा परिषदा 1971 च्या साध्या कायद्यावर उभ्या आहेत. सहाव्या अनुसूचीतली स्वायत्त परिषद जमीन, झूम (फिरती) शेती, वारसाहक्क यांवर कायदे करते, मात्र राज्यपालांच्या संमतीशिवाय ते लागू होत नाहीत. पाचवीतली जनजाती सल्लागार परिषद, जास्तीत जास्त 20 सदस्यांची, नुसता सल्ला देते. हा फरक फळ्यावर दोन रकान्यांत मांडतात, तो जसाच्या तसा उतरवून घ्या. एवढं करून पाचवीचं उदाहरण मात्र झारखंडचं! आपल्याच जिल्ह्यातला शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, त्याचा उल्लेखही नाही.

तिसरा रविवार परदेशांचा. बेल्जियम, स्वित्झर्लंड घाईत उरकतात, नायजेरिया झकास. तिथे राष्ट्राध्यक्ष व्हायला एकूण मतांत आघाडी पुरत नाही, दोन-तृतीयांश राज्यांत किमान 25 टक्के मतंही लागतात, म्हणजे एकाच वांशिक गटाच्या जोरावर निवडून येता येत नाही. 1979 मध्ये राज्यं होती 19. त्यांचे दोन-तृतीयांश 12 की 13, यावर वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. नियम करताना भागाकार तपासला नाही की असं होतं.

चौथा, भाषांचा, सर्वांत ढिला. घटनेने मान्यता दिलेल्या, आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांची यादी वाचून दाखवायला तास कशाला हवा? सिंधीला स्वतःचं राज्य नाही, तरी 1967 च्या 21 व्या घटनादुरुस्तीने तिला जागा मिळाली. सिंधी वस्तीचं उल्हासनगर इथून तासाभराच्या आत असताना हा मुद्दा एका ओळीत संपतो.

नोट्स जपून वापरा. अनुच्छेद 371(2) खालच्या विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, नोट्समध्ये ती अजून सुरूच आहेत. शिवाय अनुसूचित क्षेत्रांचा रंगीत नकाशा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर दिलाय, त्यात पाचवी आणि सहावी दोन्ही एकाच करड्या रंगाच्या. स्केचपेन घेऊन जा.