फुलपाखरांचा जाळीचा पिंजरा, सहा महिने वापरल्यावर

जूनमध्ये ऑनलाइन मागवलेला, आता डिसेंबर लागला म्हणून म्हटलं नीट लिहूया. घडी होणारा आहे, सगळीकडून बारीक पांढरी जाळी, एका बाजूला चेन, उंची साधारण दोन फूट. घरात सहा वर्षांची मुलगी आणि साडेतीनचा मुलगा.

पहिलं सांगते, पिंजऱ्याच्या आधी कढीपत्त्याची कुंडी घ्या. आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर दर पावसाळ्यात अळ्या यायच्या आणि सासूबाई त्या वेचून टाकायच्या, ह्या वर्षी त्याच अळ्या पानासकट आत ठेवल्या. लाइम बटरफ्लायच्या निघाल्या. लहान असताना अगदी पक्ष्याची शीट पडल्यासारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की एकदम हिरव्यागार. मुलाने एकीला बोट लावलं तर डोक्यामागून केशरी रंगाची दोन शिंगं फटकन बाहेर आली आणि असा उग्र वास सुटला की तो आधी घाबरला आणि मग दिवसभर आल्यागेल्याला तेच सांगत होता. गुळगुळीत ती अळी, केसाळ तो सुरवंट आणि सुरवंटाला हात लावायचा नाही, हे मात्र दोघांना आधीच पक्कं सांगितलंय.

ह्या अळ्यांची भूक कोष करायच्या आधी शेवटच्या आठवड्यात आवरत नाही हो. ऑगस्टमध्ये आमचा कढीपत्ता पार बोडका झाला म्हणून नर्सरीतून नवीन रोप आणलं, पानं स्वच्छ धुऊन दिली तरी सकाळी पाचातल्या तीन अळ्या खाली मरून पडलेल्या. रोपावर फवारणी झालेली असणार. मुलगी खूप रडली, मलाही फार वाईट वाटलं. आता नवीन रोप आणलं की नवी पालवी येईपर्यंत त्याचं पान अळ्यांना देत नाही.

पिंजऱ्यात एक खोट आहे, उघडायला एकच चेन. एका अळीने नेमका चेनीवरच कोष केला, कमरेला एक बारीक धागा बांधून मागे रेललेला, मग आठ-दहा दिवस चेन अर्धीच उघडून हात घालत होते. खालचं कापडही लेंड्यांनी डागाळतं, रोज पेपर बदलायला लागतो.

पण बरणीपेक्षा हे शंभरपटीने बरं. फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा पंख ओले, चुरगळलेले असतात, त्याला जाळी धरून लटकायला आणि पंख पूर्ण पसरायला जागा लागते, नाहीतर ते तसेच वाकडे वाळतात. आदल्या दिवशी कोष काळपट होतो आणि आतली पंखांची नक्षी दिसायला लागते, त्या दिवशी आम्ही गजर लावून उठतो.

एकदा कुंडीवरचा तयार कोष आणून आत ठेवला, तर त्याला बारीक भोक पडून इवल्याइवल्या गांधीलमाश्या निघाल्या. "आई, फुलपाखरू कुठे गेलं?" मी खरं तेच सांगितलं, की त्यांनी आतून खाल्लं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, अळ्या बारीक असतानाच आत आणूया. तेव्हापासून आम्ही तसंच करतो.

शनिवारी मारुतीला घालतात त्या रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या मिळतात, त्याही छान वाढल्या. फक्त रुईचा चीक डोळ्यात जाणं वाईट, त्यामुळे पानं मीच तोडते. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू झालेलं ब्लू मॉरमॉनही लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालतं, म्हणून मुलीच्या हट्टाने लिंबाचं रोप लावलंय, अजून आलेलं नाही.

घरात झाड असेल तर नक्की घ्या, नसेल तर थांबा. सध्या छताच्या जाळीला एक कोष आहे, थंडीमुळे आज पंधरावा दिवस, मुलगी शाळेची बस यायच्या आधी रोज टॉर्च मारून रंग बदलला का बघते.