चार चॅनेलचा लेव्हल शिफ्टर: आय-टू-सीला पास, एसपीआयला नापास

संभाजीनगर-नांदेडकडे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला एफपीजीए (हवं ते डिजिटल सर्किट घडवता येणारी चिप) बोर्ड आला की त्याच्या मागोमाग लेव्हल शिफ्टरची ही बोटाच्या पेराएवढी पट्टी येतेच. वर चार बीएसएस१३८ मॉसफेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर), ‘१०३’ छापलेले १० किलोओहमचे रेझिस्टर, कडेला एचव्ही (जास्त व्होल्टेजची बाजू), एलव्ही (कमी व्होल्टेजची बाजू), जीएनडी (ग्राउंड). सेन्सरचे ५ व्होल्ट ३.३ वर आणणं एवढंच तिचं काम. ते ती नीट करते, पण सिग्नल संथ असेल तरच.

आर्टिक्स-७ या एफपीजीए चिपच्या पिनला बँकेच्या (पिनांच्या गटाच्या) व्होल्टेजच्या वर फक्त ०.५५ व्होल्ट सोसतं, म्हणजे ३.३ च्या बँकेला ३.८५. ५ व्होल्टची तार थेट टोचली की पिनला वाचवणाऱ्या आतल्या क्लॅम्प डायोडमधून करंट वाहू लागतो. बोर्ड लगेच मरत नाही, म्हणून तर मुलं पुन्हा टोचतात.

जोडणीत खरा धोका एकच: एलव्ही आणि एचव्हीची अदलाबदल. तसं झालं की मॉसफेटच्या आतच असलेल्या बॉडी डायोडमधून साधारण ४.४ व्होल्ट सरळ एफपीजीएच्या पिनवर. छपाई बऱ्याचदा पुसट असते. म्हणून आधी फक्त ३.३, ५ आणि ग्राउंड जोडा, सिग्नलच्या तारा मोकळ्या ठेवा आणि मल्टिमीटर लावा. एलव्ही१ ते एलव्ही४ (कमी व्होल्टेजच्या बाजूच्या चार सिग्नल पिना) वर ३.३ दिसले तरच पुढे जा. सेन्सरचा ५ व्होल्ट बंद आणि बोर्ड चालू असेल तर सिग्नलची रेषा खाली ओढली जाते. आय-टू-सी (सेन्सरशी दोन तारांवर बोलायची पद्धत) अडकलं म्हणून कोड तपासत बसण्याआधी हे बघा.

१०० किलोहर्ट्झ आय-टू-सी मस्त चालतं. ४०० ला मात्र दोन्ही बाजूंना ४.७ किलोओहमचे जादा पुल-अप (रेषा वर ओढणारे रेझिस्टर) लावा. आणि कोडमध्ये एसडीएवर (आय-टू-सीच्या डेटा तारेवर) ‘१’ कधीच लिहू नका, ‘झेड’ लिहा, म्हणजे तार मोकळी सोडा. एचसी-एसआर०४ या अल्ट्रासॉनिक अंतर-सेन्सरची इको पिनही चालते, पण त्या एका तारेसाठी पट्टी कशाला? १.८ आणि ३.३ किलोओहमचं व्होल्टेज डिव्हायडर (दोन रेझिस्टरची जोडी) ५ चे ३.२४ करतं.

एसपीआयला (क्लॉकच्या तारेवर चालणाऱ्या वेगवान पद्धतीला) पट्टी नापास. १० किलोओहम आणि जंपर तारांचे ५० पिकोफॅरड (कपॅसिटन्स) धरले तर सिग्नल वर चढायलाच मायक्रोसेकंदभर लागतो. ४ मेगाहर्ट्झला अर्धा क्लॉक १२५ नॅनोसेकंदांचा. तिथे ७४एलव्हीसी२४५ ही बफर चिप घ्या: ३.३ वर चालवा, ५ व्होल्टचे इनपुट ती सोसते. दिशा एकच लागते, ती डीआयआर (दिशा ठरवणाऱ्या) पिनने आधीच बांधून टाका.

वाळूजच्या कारखान्यातला २४ व्होल्टचा पीएनपी प्रॉक्झिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आली की २४ व्होल्ट देणारा) या पट्टीला अजिबात लावू नका. त्याला पीसी८१७ हा ऑप्टो (सिग्नल प्रकाशातून पलीकडे देणारी चिप) हवा: एलईडीला ४.७ किलोओहम सिरीजमध्ये (साधारण ५ मिलिअँपिअर, पाव वॉटचा रेझिस्टर पुरतो), कलेक्टरला ३.३ वरून १० किलोओहम. सिग्नल उलटा येतो. सेन्सर लागला की पिनवर शून्य. कूलरचा पंप सुरू झाला की त्याच्या गोंगाटाने काउंटर एकदम दोनने वाढतो, अशी तक्रार उन्हाळ्यात हमखास. इनपुट आधी दोन फ्लिप-फ्लॉपमधून (क्लॉकबरोबर एकेक बिट धरणारे घटक) घ्या, मग काही मिलिसेकंद स्थिर राहिल्यावरच मोजा. आणि २४ चं ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडू नका, नाहीतर ऑप्टो लावूनही गोंगाट आत येतोच.