‘तरुण, शिकवलेली, मेंढ्यांना सरावलेली’: सशांसाठी लर्चर घेताना आमची झालेली फसवणूक

इंग्लंडमध्ये शेती किंवा भाजीपाला करणारी मराठी घरं थोडी आहेत, पण आहेत. त्यांतलं कुणी सशांसाठी छोटा लर्चर, म्हणजे ग्रेहाउंड किंवा व्हिपेटसारख्या वेगवान शिकारी कुत्र्याचा दुसऱ्या जातीशी केलेला संकर, घ्यायच्या विचारात असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. एका माणसाने आमच्याकडून साडेसहाशे पौंड घेतले आणि सात वर्षांची, मेंढ्या दिसल्या की सुसाट सुटणारी कुत्री ‘चौदा महिन्यांची, पूर्ण शिकवलेली’ म्हणून आमच्या गळ्यात मारली. त्याने हे कसं जमवलं ते तपशिलात सांगते, कारण ही पद्धत त्या एकट्याची नाही.

आम्ही नॉरफोकमध्ये, ब्रेकलंडच्या रेताड पट्ट्यात भाजीपाला करतो. हा मुलूख सशांचाच. नॉर्मन लोकांनी इंग्लंडमध्ये आणलेले ससे मध्ययुगात इथे मांसासाठी आणि कातड्यासाठी मुद्दाम पाळले जायचे. त्यांच्या राखणदाराची गारगोटीच्या दगडांची गढी थेटफर्डजवळ अजून उभी आहे. भुसभुशीत वाळूत बिळं खणायला त्यांना कष्ट नाहीत. कोबीची रोपं लावली की सकाळी नुसत्या काड्या उरतात. 1954 च्या पेस्ट्स ॲक्टप्रमाणे आपल्या जमिनीवरचे ससे आटोक्यात ठेवणं ही जमीन कसणाऱ्याचीच जबाबदारी. 2004 च्या हंटिंग ॲक्टने कुत्र्यांकडून रानटी जनावरं मारण्यावर इंग्लंड-वेल्समध्ये बंदी आणली, पण मोठे उंदीर आणि बिळात राहणारा ससा, म्हणजे रॅबिट, यांना जमीनमालकाच्या परवानगीने सूट ठेवली. उघड्या रानात राहणाऱ्या मोठ्या हेअरच्या मागे कुत्रा सोडणं मात्र गुन्हा आहे, आणि आमच्या भागात पोलीस त्यावर डोळ्यात तेल घालून असतात. गावाकडून वाचणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की आपला रानससा 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तिथे असा नाद करू नका. मी लिहितेय ते इंग्लंडपुरतं.

शेजारचे म्हातारे शेतकरी, ज्यांना आम्ही आजोबाच म्हणतो, त्यांनी सांगितलं की इथे मोठा कुत्रा कामाचा नाही. कुंपणाच्या झुडपाबाहेर ससा पाच-पंचवीस पावलांवर चरत असतो आणि चाहूल लागली की थेट बिळात. ग्रेहाउंडच्या रक्ताचा उंच कुत्रा पूर्ण वेग घेईपर्यंत खेळ संपलेला असतो, आणि ससा वळला की तो पुढे निघून जातो. निव्वळ व्हिपेट, म्हणजे ग्रेहाउंडसारखाच पण लहान कुत्रा, चपळ, पण त्याची कातडी कागदासारखी. काटेरी झुडूप आणि तारेत फाटून निघते. टेरियर चिवट, नाक उत्तम, पण पळण्यात कमी आणि बिळात शिरून अडकायची भीती. म्हणून व्हिपेट आणि बेडलिंग्टन टेरियर यांचा संकर. उंची अठरा ते एकवीस इंच, अंगावर राठ केस, पायात वेग, नाकात टेरियर. बिळांवर जाळ्या लावून ससे बाहेर हुसकायला आत फेरेट, म्हणजे मुंगसासारखा लांबट पाळीव प्राणी, सोडतात तेव्हा कोणत्या बिळात ससा आहे हे असा कुत्रा न भुंकता, कान टवकारून, एक पाय उचलून दाखवतो. जाळीतून निसटलेला ससा पकडतो आणि जिवंत हातात आणून देतो. फेरेट बाहेर आलं तर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मेंढ्यांमधून शांत चालतो. असा तयार कुत्रा मिळणं कठीण, म्हणून त्याला भाव येतो, आणि भाव येतो तिथे लबाड येतात.

यात मुख्य अडचण अशी की संकर कुत्र्याला केनेल क्लबचा, म्हणजे शुद्ध जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, वंशावळीचा कागद नसतो. आई कोण, बाप कोण, जन्म कधीचा, हे सगळं विकणाऱ्याच्या तोंडून येतं. तो सांगेल ते खरं.

जाहिरातीत लिहिलं होतं: बेडलिंग्टन-व्हिपेट, पहिला संकर, चौदा महिन्यांची मादी, दिवसा-रात्री ससे धरते, फेरेट आणि मेंढ्या यांच्यात सुरक्षित. सोबत व्हिडिओ. निळसर राखाडी, केसाळ कुत्री ससा तोंडात धरून येते आणि मालकाच्या हातात सोडते. आम्ही दोघं गाडी घेऊन गेलो. माणूस बोलायला गोड. घर सोडून भाड्याच्या फ्लॅटमध्ये जावं लागतंय, तिथे कुत्रा चालत नाही, म्हणून काळजावर दगड ठेवून देतोय, असं सांगत होता. त्याने सशाच्या कातड्याचा गुंडाळा लांब फेकला. कुत्रीने तो उचलून अलगद आणून दिला. फेरेटचा पिंजरा तिच्या शेजारी ठेवला, ती स्वस्थ पडून राहिली. माझ्या नवऱ्याने विचारलं, “मेंढ्यांमधून एकदा फिरवून दाखवता का?” तो म्हणाला, “आनंदाने दाखवलं असतं हो, पण शेजाऱ्याच्या मेंढ्या आत्ता वियायला आल्यात. गाभण मेंढ्यांजवळ कुत्रा नेला तर तो मला उभं राहू देणार नाही.” मार्च महिना होता. कुणीही शेतकरी हेच म्हणाला असता, आणि म्हणूनच त्याने तो महिना निवडला होता. खोटं बोलणारा माणूस खऱ्या कारणाच्या आड उभा राहतो तेव्हा त्याला धरता येत नाही.

कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा कागद? “सामान बांधलंय, सापडला की पोस्टाने पाठवतो.” पैसे? “रोखच द्या, बँकेचं खातं बायकोच्या नावावर आहे.” पावतीवर त्याने फक्त रक्कम आणि ‘पाहून घेतली’ एवढं लिहिलं.

घरी आल्यावर त्याने सांगितलेल्या ‘जेस’ या नावाला ती मानही वळवत नव्हती. जागा नवी आहे, रुळेल, असं आम्हाला वाटलं. आजोबांच्या सांगण्यावरून नवऱ्याने तिला लांब दोरीवर त्यांच्या मेंढ्यांच्या कुंपणाशी नेलं. तोवर गोगलगाय असलेली ती कुत्री जमिनीला पोट लावून ताणली गेली आणि पुढच्या क्षणी दोरी नवऱ्याच्या हातातून सुटली. आजोबांनी दोरीवर बूट टाकला म्हणून निभावलं. त्या कळपात गाभण मेंढ्या होत्या. मेंढ्यांवर कुत्रा जाऊ देणं हा 1953 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कळप वाचवायला दुसरा मार्ग नसेल तर शेतकऱ्याने कुत्र्याला गोळी घातली तरी 1971 चा कायदा त्याला आधार देतो. ‘मेंढ्यांना सरावलेली’ हे शब्द खोटे निघाले की किंमत पैशांत राहत नाही, ती कुत्र्याच्या जिवाने चुकवावी लागते. मला सर्वांत जास्त राग या गोष्टीचा आहे.

मग तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ओठ वर केला आणि मला जवळ बोलावलं. पुढचे दात झिजून आखूड झालेले. सुळे समोरून ठीक दिसत होते, पण त्यांची मागची बाजू खरवडल्यासारखी सपाट होती. वर्षानुवर्षं पिंजऱ्याची जाळी चावणाऱ्या कुत्र्यांचे सुळे असे मागून झिजतात, असं त्यांनी सांगितलं. वय सहा-सात तरी. एरवी म्हाताऱ्या कुत्र्याचं तोंड पांढरं होतं, पण बेडलिंग्टनच्या रक्तातल्या कुत्र्यांचा रंग लहानपणापासूनच फिका होत राखाडी होतो, त्यामुळे चेहऱ्यावरून वय कळत नाही. आपलं वय लपवणारा कुत्रा त्या माणसाने बरोबर हेरला होता.

इंग्लंडमध्ये 2016 पासून प्रत्येक कुत्र्याला चिप सक्तीची आहे. डॉक्टरांनी मानेवर यंत्र फिरवलं, पंधरा आकडी नंबर आला. तो नंबर कोणत्या कंपनीच्या नोंदीत आहे हे इंटरनेटवर कळतं. कंपनी मालकाचं नाव सांगत नाही, पण आपला निरोप पोचवते. संध्याकाळी एका बाईंचा फोन आला. ही त्यांची ‘मेग’. एकदा ती मेंढ्यांमागे गेली आणि बाईंचे गुडघेही दुखू लागले, म्हणून त्यांनी ती फुकट, चांगल्या घरी, दिली होती. नेणाऱ्याने सांगितलं होतं की आपल्या आईला सोबतीला हवी आहे. बाप कोण ते त्यांनाही माहीत नव्हतं. बेडलिंग्टन हा केसांवरून केलेला अंदाज. फोन स्पीकरवर होता. त्या “मेग” म्हणाल्या आणि कोपऱ्यात झोपलेली कुत्री ताडकन उठून बसली.

त्या रात्री नवऱ्याने जाहिरातीतला व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. ससा हातात देताना व्हिडिओतल्या कुत्रीच्या उजव्या कानाच्या कडेला खाच दिसते. मेगचे दोन्ही कान धड आहेत.

विकणाऱ्याने एकदा फोन उचलला, “पाहूनच घेतलीत ना?” म्हणाला, मग नंबर बंद. तोच नंबर आम्हाला जुन्या जाहिरातींत वेगवेगळ्या नावांखाली सापडला, दर वेळी दुसरा कुत्रा, दर वेळी घर सोडायचं दुःख. म्हणजे हा घरगुती मालक नव्हे, व्यापारी. धंदा म्हणून पाळीव प्राणी विकणाऱ्याला इंग्लंडमध्ये कौन्सिलचा परवाना लागतो आणि जाहिरातीत परवान्याचा क्रमांक छापावा लागतो. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या सदोष कुत्र्याला 2015 चा ग्राहक कायदाही लागू होतो, तीस दिवसांत परत करण्याचा हक्क मिळतो, आणि ‘पाहून घेतली’ या दोन शब्दांनी तो हक्क बुडत नाही. त्या जाहिरातींचे फोटो आम्ही तारखांसकट जपले आणि सिटिझन्स ॲडव्हाइसच्या ग्राहक हेल्पलाइनमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापारातली फसवणूक तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, तक्रार दिली. पैसे अजून आलेले नाहीत. रोख रकमेचा माग बँक काढू शकत नाही, बायकोच्या खात्याची गोष्ट त्यासाठीच होती.

तेव्हा वयाने मोठा कुत्रा घेत असाल तर चिप त्याच्या दारातच वाचून घ्या आणि नोंद विकणाऱ्याच्या नावावर आहे का ते पाहा. मेंढ्या दाखवायला तो तयार नसेल तर महिनाभर थांबतो म्हणा; खरा मालक थांबेल. व्हिडिओवर जाऊ नका, काम समोर पाहा, ओळखीच्या फेरेटसोबत नव्हे तर अनोळखी फेरेटसोबत. दात मागूनही पाहा. पिल्लू घेत असाल तर ते जन्मलं तिथे, आईजवळ पाहा. 2020 च्या लुसीज लॉमुळे सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मधल्या दलालाने विकणं बेकायदा आहे, त्यामुळे पेट्रोल पंपावर भेटू म्हणणाऱ्याला तिथेच नकार द्या. आणि दोन्ही पालकांत बेडलिंग्टनचं रक्त असेल तर दोघांच्या डीएनए तपासणीचा अहवाल मागा. या जातीत यकृतात तांबं साठण्याचा आनुवंशिक आजार आहे. दोष आई-बाप दोघांकडून आला तरच पिल्लू आजारी पडतं, म्हणून शुद्ध व्हिपेट आणि शुद्ध बेडलिंग्टन यांच्या पहिल्या संकराला त्याची भीती नसते. पण ‘पहिला संकर’ हे शब्द जाहिरातीत किती स्वस्त असतात ते वर सांगितलंच.

ज्यांच्याकडे कुत्रा द्यायची वेळ आली असेल त्यांनाही एक विनंती. फुकट देऊ नका, निदान संस्थेमार्फत द्या. फुकट मिळालेला कुत्रा हेच या लोकांचं भांडवल आहे.

मेग आमच्याकडेच राहणार आहे, दोरीवर आणि मेंढ्यांपासून लांब. वाफ्यांभोवती आम्ही एकतीस मिलिमीटर भोकांची जाळी लावली, नव्वद सेंटिमीटर उंच, खालचे पंधरा सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला दुमडून मातीत. चिप वाचायचं यंत्र मी विकत घेतलं आहे, फार महाग नसतं. नॉरफोक-सफोकमध्ये कुणी मराठी कुटुंब असा कुत्रा पाहायला निघालं असेल तर कळवा, यंत्र घेऊन मी सोबत येईन.